पट्टा, बक्कल, ठीक

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता एक माणूस सराव-मनोऱ्यावरून दोराला लटकत होता. डोळे मिटलेले, मान छातीवर पडलेली, हात सैल सोडलेले. खाली सिमेंटचं अंगण होतं, वर करडं आभाळ होतं, आणि त्याला जमिनीवर आणायचं काम तिच्यावर आलं होतं.

खरं तर या कामासाठी एक पुतळा होता. कॅनव्हासचा, आत वाळू भरलेला, पूर्ण माणसाच्या वजनाचा. सगळी तुकडी त्याला 'मामा' म्हणायची. पण शुक्रवारी मामांची बगल उसवली आणि पायऱ्यांवर वाळू सांडली. मामा शिवायला गेले. त्यांच्या जागी प्रशिक्षिका मॅडमनी दुसऱ्या तुकडीतला एक माणूस टांगला होता.

ती दोरावरून त्याच्या पातळीला उतरली. आपल्या हार्नेसचा पट्टा त्याच्या हार्नेसला जोडण्यासाठी तिला त्याच्या अगदी जवळ जावं लागलं. त्याच्या दाढीत एक पांढरा केस होता. कानामागे ग्रीसचा डाग होता.

"तुमच्या डाव्या हुकाचं कुलूप लागलेलं नाही," बेशुद्ध माणूस म्हणाला.

ती दचकली. "बेशुद्ध माणसं बोलत नाहीत."

"बरं... राहिलं. पडा मग."

तिनं पाहिलं. कुलूप खरंच लागलेलं नव्हतं. तिनं ते फिरवून घट्ट केलं आणि म्हणाली, "आता पुन्हा बेशुद्ध व्हा."

"झालो." मग एक डोळा किलकिला झाला. "फक्त... जरा हळू न्या. मला काही घाई नाही."

ती हसली नाही. निदान तिला तसं वाटलं. खाली पाय टेकले तेव्हा मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"जखमी हसतोय का?"

"वेदनेनं तोंड वाकडं झालंय, मॅडम," जखमी म्हणाला.

त्या गावात पूर्वी सगळी कामं दोन चिमण्यांच्या खाली होती. कोळशाचं वीज केंद्र बंद झालं, चिमण्या उभ्या राहिल्या. मग पवनचक्क्या उभारणारी कंपनी, तंत्रशाळा आणि नगरपालिका या तिघांनी मिळून एक करार केला. केंद्राच्या जुन्या भांडारात प्रशिक्षण सुरू झालं आणि राखेच्या ढिगाशेजारी सराव-मनोरा उभा राहिला. जो पास होईल त्याला कंपनी नोकरी देणार होती. वयाची अट तिशीच्या आतली. दोरावरचा तो जखमी एकोणतीस संपवत आला होता, म्हणजे त्याला ही एकच संधी होती.

तो केंद्रात कोळसा दळणाऱ्या मिलवर फिटर होता. तुकडीनं त्याचं नाव 'मिलवाला' ठेवलं. ती चुलत्याच्या दुकानात जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायची, म्हणून ती 'वाइंडिंगवाली'. दोन्ही तुकड्यांतली माणसं गळत गेली आणि शेवटी एकच तुकडी उरली. मॅडमनी जोड्या लावल्या तेव्हा ती आणि तो समोरासमोर आले.

"मला मामाच बरे होते," ती म्हणाली.

"मामा तुम्हाला हुकाचं सांगणार होते का?"

जोडीचा नियम सोपा होता. चढण्याआधी प्रत्येकानं दुसऱ्याचा साज तपासायचा. खांद्याचा पट्टा ओढून पाहायचा, छातीचं बक्कल, मांड्यांची बक्कलं, हुकांची कुलपं. मग हेल्मेटवर दोनदा टकटक करायची आणि मोठ्यानं म्हणायचं, 'ठीक.' 'ठीक' म्हणजे फक्त साज ठीक नव्हे, माणूस ठीक. आणि कुणीही, अगदी काल आलेल्यानंही, 'थांबा' म्हटलं की सगळं थांबायचं. का, ते नंतर विचारायचं. आधी थांबायचं.

रोज सकाळी ती त्याचा खांद्याचा पट्टा ओढायची. रोज तो म्हणायचा, "जोरात ओढा, लाजताय काय?"

"लाजत नाही. तुटला तर भरून कोण देणार?"

"पट्टा की मी?"

"पट्टा. तुमचं काय, तुम्ही भंगारातलेच."

"जुन्या केंद्राचा माल आहे... असा टिकाऊ माल आता निघत नाही."

यावर ती हेल्मेटवर जरा जोरातच टकटक करायची.

आणखी एक नियम होता. तो करारातच होता. ज्यांनी जोडीनं प्रशिक्षण घेतलं, त्यांना पहिलं वर्ष जोडीनंच कामाला पाठवायचं. एकमेकांचे हात ओळखीचे असतात, म्हणून. डोंगरमाथ्यावरच्या चक्क्या गावापासून पूर्ण दिवसाच्या प्रवासावर होत्या. तिथं राहायला पत्र्याच्या खोल्या आणि सोबतीला वारा. दोघांपैकी कुणीच या नियमाबद्दल बोलत नसे. पण कँटीनमध्ये एकदा तो म्हणाला, "तिकडे थंडी फार आहे म्हणे."

"मग?"

"काही नाही... तुम्ही स्वेटर वगैरे घेऊन ठेवा."

"तुम्हाला कुणी सांगितलं मी पास होणार म्हणून?"

"मीच सांगतोय. आणि मी पण होणार." मग त्यानं कपात पाहिलं. "म्हणजे... व्हावं लागेल."

पावसाळी हवा आठवडाभर हटली नव्हती. एका सकाळी तपासणी करताना ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. बक्कल दाबता दाबता, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, ती त्याच्या कानाशी म्हणाली, "तुमच्याबरोबर असले की उंचीचं काही वाटत नाही."

हे वाक्य तिनं रात्रभर घोळवलं होतं.

तो समोर पाहत राहिला. भुवईसुद्धा हलली नाही.

तिनं हेल्मेटवर टकटक केली. "ठीक," ती म्हणाली आणि त्या दिवशी पुढे एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी तो फाटकापर्यंत मागे आला. "काय झालं? मामांची आठवण येतेय का?"

"मामा निदान ऐकून घेतात," ती म्हणाली आणि सायकलवर बसली.

रविवारी तो तिच्या घरी आला. निमित्त तिनं विसरलेल्या हातमोज्यांचं होतं. तिचे बाबा तीस वर्षं केंद्राच्या नियंत्रण कक्षात होते. केंद्र बंद झाल्यावरही ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे आणि खिडकीत बसायचे. आई अजूनही रोज त्याच खिडकीची काच पुसायची. राख आता पडत नव्हती, पण हात थांबत नव्हता.

"कितव्या मिलवर होता?" बाबांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"तिसरी!" बाबा कितीतरी महिन्यांनी ताठ बसले. "ती बया रात्री-बेरात्री अडून बसायची. मला कक्षात घाम फुटायचा."

"आणि आम्हाला खाली शिव्या फुटायच्या, काका."

बाबा हसले. आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली... हा आवाज कुणाचा म्हणून. चहा झाला. बाबा उठून त्याच्या डावीकडच्या खुर्चीत बसले आणि बोलत राहिले. तो मान हलवत राहिला. बाबांनी विचारलं, "पंख्यांवर चढायची भीती वाटत नाही का?" त्यानं मान हलवली. बाबांनी विचारलं, "म्हणजे वाटते?" त्यानं त्याच गोड चेहऱ्यानं पुन्हा मान हलवली.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "मुलगा चांगला आहे. डावा कान गेलाय त्याचा."

"काय?"

"मिलवर राहिलेल्या कितीतरी जणांचं तेच झालं. त्या आवाजात आठ वर्षं काढली की राहतंय काय?" बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "चालताना भिंतीच्या कडेनं चालतो, बघितलंस? तोलही गेलाय थोडा."

आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. तिचं ते वाक्य त्याला ऐकूच गेलं नव्हतं! मग तोल गेल्याचं बाबांचं वाक्य तिला आठवलं. तो रोज मनोऱ्यावर चढत होता.

सोमवारी ती लवकर गेली. तो भांडाराच्या मागे दोर गुंडाळत बसला होता. ती मुद्दाम डाव्या बाजूनं आली आणि म्हणाली, "आग लागली."

तो दोर गुंडाळत राहिला.

ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यानं वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

"काकांनी ओळखलं ना?" तो म्हणाला. "वाटलंच मला. त्या खुर्चीत येऊन बसले तेव्हाच."

"वैद्यकीय तपासणीत पास कसे झालात?"

"कानाच्या खोलीला काच होती. नर्स बटण दाबायची ते बोट त्या काचेत दिसायचं. बोट हललं की मी हात वर करायचो."

"आणि चक्कर?"

त्यानं दोराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "रोज नाही येत. डोकं एकदम वळवलं की... कधीतरी. डोळे मिटून दहा आकडे मोजले की जाते."

"वर गेल्यावर दहा आकडे मोजणार?"

"तू कुणाला सांगशील?"

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. त्यालाही ते नंतर लक्षात आलं. दोघंही थोडा वेळ दोराकडे पाहत राहिले.

"मला दुसरं काही येत नाही," तो म्हणाला. "मिल येत होती, ती भंगारात गेली. पुढच्या तुकडीला मी तिशीच्या पार असेन. आणि... ते वर्षभराचं. जोडीचं. ते पण आहे."

"ते पण आहे का?" तिनं विचारलं.

"तेच आहे," तो म्हणाला.

ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. पत्र्यावर झिमझिम वाजत होती. तिनं खिशातून हातमोजे काढले, त्यातला एक त्याच्या हातावर ठेवला आणि आपला हात वर तसाच राहू दिला.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

अंतिम परीक्षा गुरुवारी होती. मामा अजून शिंप्याकडेच होते, म्हणून जखमीही माणूसच होता. चिठ्ठीत तिच्याकडे जखमी होणं आलं आणि त्याच्याकडे सोडवणं. कंपनीचा परीक्षक गंभीर चेहऱ्यानं खाली उभा होता. मॅडम वॉकी-टॉकी घेऊन त्याच्या शेजारी.

तिनं त्याचा खांद्याचा पट्टा ओढला. छातीचं बक्कल. मांड्यांची बक्कलं. हुकांची कुलपं. सगळं बरोबर होतं. त्याचे डोळे लाल होते, तो रात्री झोपला नव्हता. चढायच्या आधीच त्यानं एका हातानं शिडी धरून ठेवली होती.

मॅडम तिच्याकडे पाहत होत्या. तिनं हेल्मेटवर दोनदा टकटक केली.

"ठीक," ती म्हणाली. आवाज स्वच्छ आला.

वर ती दोरावर सैल झाली, डोळे मिटले. वरच्या दोराच्या करकरीनं तिला कळलं की तो उतरतोय. त्याचा श्वास जवळ आला. त्यानं आपला पट्टा तिच्या हार्नेसला जोडला. पहिलं कुलूप फिरलं, दुसरं फिरलं. आता कळ सोडून तिचा मूळ दोर मोकळा करायचा, की तिचं सगळं वजन त्याच्यावर येणार. त्यासाठी त्याला मान वर करून वळवावी लागली.

काहीच झालं नाही. म्हणजे हात हलला नाही. तिनं डोळे उघडले.

त्याचा चेहरा ओल्या चुन्यासारखा झाला होता. डोळे उघडे होते, पण नजर कशावर ठरत नव्हती. त्याचा हात तिच्या दोराच्या कळीवर होता आणि त्याला ती कळ सापडत नव्हती.

"हात तिथंच ठेव," ती कुजबुजली, त्याच्या उजव्या कानाशी. "कळ मी सोडते. खालून दिसत नाही. तू फक्त मला धरून राहा... ऐकतोयस ना? वर्षभर, आपण दोघं. थोडंच राहिलंय."

त्यानं ऐकलं होतं. तो तिच्याकडे पाहण्याचा प्रयत्न करत होता. एक क्षण नजर जमली.

मग त्यानं कळीवरचा हात काढला, छातीवरच्या वॉकी-टॉकीचं बटण दाबलं आणि म्हणाला, "थांबा."

मॅडमनी स्वतः चढून दोघांना खाली आणलं. त्याच्या पायांना जमीन लागली तेव्हा तो गुडघ्यांवर बसला आणि तसाच बसून राहिला.

कार्यालयात पंखा फिरत होता आणि खिडकीला ओल आली होती. परीक्षक टेबलामागे, मॅडम भिंतीला टेकून.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"पुष्कळ दिवसांपासून."

"जोडीदाराला माहीत होतं?"

"नाही," तो लगेच म्हणाला. "मी कुणालाच कळू दिलं नाही."

"होतं," ती म्हणाली.

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं... हळू, फार हळू.

"मला माहीत होतं आणि तरी मी ठीक म्हटलं," ती म्हणाली.

परीक्षकानं पेन खाली ठेवलं. मॅडम भिंतीपासून पुढे आल्या. मग म्हणाल्या, "हे करताना तू स्वतः त्या दोरावर लटकली होतीस, अगं. तुला काय म्हणावं?"

बाहेर, कँटीनच्या पत्र्याखाली, ते भांडले. दोघं प्रथमच एकमेकांवर असे चिडले होते.

"मी तुला वाचवत होतो! तू कशाला तोंड उघडलंस?"

"आणि वर तू कशाला उघडलंस? होत आलं होतं सगळं."

"काय होत आलं होतं? कळ सुटली असती आणि माझा हात सुटला असता तर?"

"नसता सुटला."

"तुला काय माहीत?"

"नाही माहीत," ती म्हणाली. "मला फक्त एक वर्ष हवं होतं. तुझ्याबरोबर. डोंगरावर, थंडीत, कुठंही..."

पत्र्याच्या कडेवरून पाणी गळत होतं. तो सरकून तिच्या डावीकडे आला, तिचा शब्द चुकू नये म्हणून.

"आणि मला तू हवी होतीस," तो म्हणाला. "हातीपायी धड. मग वर्ष मिळो न मिळो."

त्याचं नाव तुकडीतून कमी झालं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की तोल सरावानं थोडाफार सुधारेल, कान नाही. चक्क्यांची पाती दुरुस्त करण्याची शेड गावातच काढायची असं करारातल्या तिघांचं बोलणं चालू होतं; जमिनीवरचं काम, चढाई नाही. नगरपालिका हो म्हणाली, तंत्रशाळा हो म्हणाली. कंपनीनं अजून काही कळवलेलं नाही.

तिच्याबद्दल तिघांत वाद झाला. परीक्षकाला ती नको होती. मॅडम म्हणाल्या, जी खाली आल्यावर खरं बोलली ती पुन्हा खोटं बोलणार नाही, याची हमी मी घेते. शेवटी तिला एक फेरपरीक्षा मिळाली. पास झाली तर दुसऱ्या जोडीदाराबरोबर डोंगरमाथ्यावर जायचं, त्याच आठवड्यात.

घरी बाबांनी ऐकून घेतलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "जा. या घरातल्या कुणालातरी कामाची पाळी असू दे." आणि थोड्या वेळानं, "त्याला सांग, कधीतरी येत जा म्हणावं. तिसऱ्या मिलचं बोलायला दुसरं कोण आहे?"

फेरपरीक्षेच्या सकाळी मामा परत आले होते. बगलेत जाड निळा टाका होता. त्यांना वर टांगून झालं होतं आणि ते मान टाकून लोंबत होते. मनोऱ्याच्या पायथ्याशी तो उभा होता. त्याला फाटकातून आत मॅडमनीच घेतलं होतं.

"तपासणी कुणीतरी करायला हवी," मॅडम म्हणाल्या आणि वाऱ्याचं मीटर बघायचं निमित्त करून लांब गेल्या.

त्यानं तिचा खांद्याचा पट्टा ओढला. हलकेच.

"जोरात ओढ," ती म्हणाली. "लाजतोयस काय?"

तो हसला नाही. छातीचं बक्कल. मांड्यांची बक्कलं. डाव्या हुकाचं कुलूप त्यानं दोनदा पाहिलं.

"'थांबा' एवढा एक शब्द म्हटला तर तू राहशील," तो म्हणाला.

"मग म्हण ना."

तिनं ते गमतीत म्हटलं नव्हतं. त्यालाही ते कळलं. त्याची बोटं अजून कुलपावर होती.

"कसा म्हणू? सगळं नीट आहे," तो म्हणाला. "तपासणीत खोटं बोलणं... ते तुझं काम."

तिचे डोळे भरले, आणि तरी ती हसली. पुसायला हात मोकळा नव्हता. त्यानंच आपल्या बाहीनं पुसले. मग तो तिच्या डाव्या बाजूला आला, उजवा कान तिच्याकडे करून.

"त्या दिवशी तू काहीतरी म्हणाली होतीस. 'मामा निदान ऐकून घेतात' म्हणालीस ना, त्यावरून कळलं. काय म्हणाली होतीस?"

"खाली आल्यावर सांगते."

"नक्की?"

"आधी तुझा शब्द म्हण."

त्यानं तिच्या हेल्मेटवर टकटक केली. एकदा. मग थोडं थांबून पुन्हा एकदा.

"ठीक," तो म्हणाला.

ती शिडीच्या पहिल्या पायरीवर चढली आणि मॅडमनी लांबून हात वर केला. मीटरवर वारा मर्यादेच्या वर गेला होता. चढाई थांबली. ती पायरीवरून खाली उतरली, साज न काढता, आणि दोघं पायथ्याच्या सिमेंटवर शेजारी शेजारी बसले. वर मामा वाऱ्यानं गोल फिरत होते.

साडेअकरा वाजता वारा अजून मर्यादेच्या वरच होता. परीक्षक बारापर्यंतच थांबायला तयार होता; नंतर तिची संधी जाणार होती.